पाचटाची शेज

सोमवारी दुपारी निम्म्या शिवाराने ते ऐकलं आणि मंगळवार उजाडेपर्यंत उरलेल्या निम्म्याने ऐकल्यासारखं सांगायला सुरुवात केली. या गावाला बातमी पोचवायला कधी यंत्र लागलं नव्हतं. आता तर आयता रेडिओ होता, आणि तोही ज्याची बातमी त्याच्याच खोलीतला.

खोली सूर्यभानतात्यांची. पूर्वी तिथे दूध संकलन चालायचं. ते बंद पडलं आणि धाकट्या सुनेने, धनश्रीने, महिला मंडळाला पुढे करून परवाना आणला. ‘रेडिओ आपली शीव’. कांद्याचा भाव, कालव्याचं आवर्तन, बिबट्या कुणाच्या उसात दिसला, कुणाचा दहावा कुठल्या घाटावर, हे सगळं त्या एका खोलीतून प्रवरेच्या दोन्ही काठांना कळायचं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना सासूबाईंनी शिवलेल्या गोधड्या लावल्या होत्या. थोरला दीर आदिनाथ त्याला ‘गोधडी केंद्र’ म्हणायचा. विहिरीच्या वाटणीवरून दोघा भावांत जे झालं ते झालं, पण तेव्हापासून त्याला त्या खोलीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान दिसायला लागलं होतं.

धनश्री नगरची, शहरातली. माईकपुढे बसून बसून तिचा कान असा तयार झाला होता, की पलीकडून नुसतं ‘हॅलो’ आलं तरी ती म्हणायची, “बोला, चिंचमळ्यातल्या काकू.” काकू खूश, ऐकणारे खूश. या कानाचा तिला अभिमान होता आणि तो लपवायची तसदी ती घेत नसे.

सोमवारचा कार्यक्रम ‘नाव घ्या’. बायकांनी फोन करायचा आणि उखाणा घ्यायचा. रेडिओवर स्वतःचं नाव सांगायला बायका लाजतात हे धनश्रीने पहिल्याच आठवड्यात ओळखलं आणि नियम करून टाकला. आपलं नाव सांगायचंच नाही. फक्त माहेर सांगायचं आणि नवऱ्याचं नाव घ्यायचं. नियम सगळ्यांना आवडला. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनात आलं नाही, धनश्रीच्याही नाही.

तर त्या सोमवारी एक फोन आला. पलीकडे रेडिओ मोठ्याने चालू होता, आवाज घुमत होता.

“ताई, आधी रेडिओ बारीक करा,” धनश्री म्हणाली. “हं. माहेर कुठलं तुमचं?”

“मव्हं माहेर पाथर्डीच्या वर. डोंगराच्या कडंला. कोयत्यावाल्याची लेक म्या.” आवाज वयस्क, पण खणखणीत.

“आणि सासर?”

“सासर हितलंच. तुमच्याच गावातलं.”

“घ्या मग नाव.”

बाई जराही अडखळली नाही.

“वाढ्याची बांधली मोळी, पाचटाची केली शेज,
सूर्यभानरावांच्या नावानं कपाळाला आलं तेज.”

धनश्रीने सवयीने “वा, वा” म्हटलं आणि पुढचा फोन घेतला. पुढच्या बाईचं माहेर विचारता विचारता तिच्या लक्षात आलं, की या गावात सूर्यभान एकच आहे.

*

मंगळवारी दुपारी आदिनाथने सगळ्यांना पडवीत बोलावलं. सकाळी संगमनेरहून फोन आला होता. त्याच्या मुलीला, रेश्माला, बघून गेलेली मंडळी सुशिक्षित, डेअरीच्या व्यवसायातली. गेल्याच रविवारी याच पडवीत पोहे खाऊन, आजोळ-मामेकुळ विचारून गेली होती. तात्यांनी मिशीला हात लावत सांगितलं होतं, “आमच्या मंडळींचं माहेर तुमच्याच संगमनेरचं. म्हंजी तुमी तर घरचेच निघालात.” पाहुण्यांनी रेश्माच्या आजीला, तात्यांच्या बायकोला, छबूबाईंना, कुठली गल्ली म्हणून विचारलं, आणि त्या नुसती मान हलवून चहाचे कप गोळा करून आत गेल्या होत्या. आता तीच मंडळी म्हणत होती, जरा थांबू. आमच्या कानावर काही आलंय. संध्याकाळी पुन्हा फोन करतो.

“काही म्हंजी काय, ते तुमाला सगळ्यांना म्हाईत हाय,” आदिनाथ म्हणाला.

छबूबाईंना मागच्या अंगाला लसूण निवडायला बसवलं होतं. त्यांच्या कानावर यातलं काही जाऊ द्यायचं नाही, एवढ्या एका गोष्टीवर घराचं एकमत होतं. बरं तर बरं, दर सोमवारी दुपारी त्या महादेवाला जायच्या, त्यामुळे त्यांनी काही ऐकलं नव्हतं.

आदिनाथचा संशय थेट होता. ऐकणारे वाढावेत म्हणून धनश्रीनेच कुठली तरी बाई धरून आणली, आणि आता अंगाशी आलं. धनश्रीचा संशय जावेवर होता. घरातली कुठली गोष्ट कुठे बोचेल हे रुपालीइतकं कुणाला कळत नव्हतं. ज्ञानेश्वरचा, म्हणजे धनश्रीच्या नवऱ्याचा, संशय थोरल्या भावावर. दादाला खोली पाहिजे, खोलीसाठी दादा बापाची अब्रूसुद्धा वेशीवर टांगेल, असं तो रात्री बायकोला म्हणाला होता. आता मात्र तो खाली मान घालून बसला होता. ज्ञानेश्वर रात्री शूर असायचा.

आणि सगळ्यांचा मिळून संशय तात्यांवर. तरुणपणी ते कारखान्याच्या, कोयता घेऊन येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांवर देखरेखीला असत. थळाशेजारी, म्हणजे तोड चालू असलेल्या उसाशेजारी, वाळक्या पाल्याच्या, पाचटाच्या झोपड्या, कोप्या पडायच्या, पूर्वेकडचं, पाथर्डीच्या बाजूचं बिऱ्हाडच्या बिऱ्हाड सहा महिने इथे राहायचं. पाचटाची शेज म्हणजे काय, हे गावाने कुणाला विचारलं नाही. गावाला समजलं होतं.

तात्या बाजेवर बसले होते. आदिनाथने धनश्रीला ते बोलणं मोबाईलवर पुन्हा लावायला सांगितलं. ‘मव्हं माहेर’ हे शब्द आले आणि सुपारी कातरणारा तात्यांचा हात थांबला. धनश्रीने ते नीट पाहिलं.

“बंद कर,” तात्या म्हणाले.

“तात्या, ही बाई कोन?” आदिनाथने विचारलं.

“रेडिओवर शंभर बाया बोलत्यात. मी कुनाकुनाचं तोंड धरू?”

“तसं काय न्हाई, एवढं तुमी म्हना. मंग मी गावाला बघतो, संगमनेरला बी बघतो.”

तात्यांनी सुपारी तोंडात टाकली, टोपी नीट केली आणि गोठ्याकडे निघून गेले. नाही म्हणाले नाहीत. रुपालीने मग हळूच सांगितलं, सकाळी स्टँडवर म्हाताऱ्यांनी चिडवलं, पिकलं पान लई रसाळ म्हणाले, तेव्हाही तात्या काही बोलले नाहीत. उलट गालातल्या गालात हसले. तिच्या भावाने स्वतः पाहिलं होतं.

आदिनाथ धनश्रीकडे वळला. ती बाई कोण, हे संध्याकाळपर्यंत कळलं नाही तर रेडिओची किल्ली त्याच्या हातात यायला हवी होती. आणि कळलं तरी यायला हवी होती, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं धनश्रीला दिसलं.

किल्ली म्हणजे नुसती किल्ली नव्हती. लग्न होऊन आल्यावर या घरात धनश्रीला ‘धाकली’ असं नाव पडलं होतं. त्या खोलीत ती धनश्री होती. खोली गेली असती तर ती पुन्हा उरलेला सगळा जन्म धाकली झाली असती. तिने कंबर कसली.

*

फोनचा नंबर तिने तपासला आणि तिला आठवलं. याच नंबरवरून गेल्या आठवड्यात कोप्यांवरच्या एका बाईने बैल हरवल्याचं सांगितलं होतं. गोजरबाई. ती निघाली, तर रुपालीही चप्पल घालून तयार.

“मी बी येते,” रुपाली म्हणाली. “तू काय ऐकशील आन् काय सांगशील, मला कसं कळनार?”

अविश्वासाने का होईना, दोघी जावा कित्येक महिन्यांनी एका गाडीवर बसल्या. वाटेत रुपाली म्हणाली, माझ्या पोरीचं लग्न मोडलं तर मी कुणाला सोडणार नाही. धनश्रीने गाडी खड्डे चुकवून चालवली. रेश्मा तिचीही लाडकी होती.

कारखान्याच्या मोकळ्या रानात कोप्या उभ्या होत्या. चुलींचा धूर, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, वाढ्याच्या मोळ्या, बैल. गोजरबाई नुकतीच थळातून आली होती. त्या दोघींनी आपण कुणाच्या कोण हे सांगितलं नाही. धनश्रीने फक्त विचारलं, काल या फोनवरून रेडिओला कुणी फोन लावला?

“मावशीनं,” गोजरबाई म्हणाली.

“कोण मावशी?”

मावशी काय, भाजीवालीही मावशी आणि दवाखान्यातली झाडूवालीही मावशी. गोजरबाईने दोघींच्या साड्यांकडे पाहिलं आणि जरा सावध झाली. “झुंबरमावशी. दर सोमवारी येती. लेकरान्ला भाकरी आनती, गूळ आनती. येकदा बोलू दे म्हनली, म्या फोन दिला. काय वाईट बोलली का ती?”

“राहते कुठं?”

“हाय की, हितंच. लांब नव्हं.” पुढे तिने तोंड मिटलं ते मिटलंच.

परत फिरताना रुपालीने धनश्रीचा दंड घट्ट धरला. कोपीच्या दाराशी दोरीवर एक गोधडी वाळत होती. कडेला हिरवा, कोयरीचा काठ.

“हा माझ्या साडीचा काठ हाय,” रुपाली म्हणाली. “माझ्या पहिल्या दिवाळीची साडी. आईंना जुन्यात दिली हुती मी. बघ, धनश्री. म्हाताऱ्यानं घरातल्या गोधड्यासुद्धा हिच्या उरावर घातल्या. आन् ती माउली बिचारी तिकडं लसूण निवडतीया.”

एवढं बोलून ती रडायला लागली. त्या क्षणी दोघी जावा एका बाजूला झाल्या आणि सासरा दुसऱ्या. धनश्रीने तिला जवळ घेतलं, पण तिची नजर गोधडीवरच होती. तशाच गोधड्यांकडे बघत ती रोज दुपारी बोलायची. चारही कोपऱ्यांना तिरका टाका. एका कोपऱ्यात सगळ्या गोधड्यांना असतो तसा छोटा लाल तुकडा. घरातून नेलेली गोधडी जुनी दिसली असती. ही नवीकोरी होती. ती कुणी पळवली नव्हती, मुद्दाम इथल्यासाठी शिवली होती. म्हणजे काय, ते मात्र तिला कळेना. किंवा कळत होतं आणि धीर होत नव्हता.

*

संध्याकाळी सगळे पुन्हा पडवीत जमले. बाजेवर आदिनाथचा मोबाईल होता, संगमनेरच्या फोनची वाट बघत. त्याच्या शेजारी धनश्रीने रेडिओची किल्ली ठेवली. आदिनाथने ती लगेच उचलली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला.

सांगितलं ते रुपालीने. बाईचं नाव झुंबरबाई. दर सोमवारी कोप्यांवर येते. जवळच कुठेतरी राहते. घरातली गोधडी तिथे आहे. एकेक गोष्ट सांगताना ती सासऱ्याकडे बघत होती आणि एकेक गोष्ट नेमकी बसत होती. ज्ञानेश्वरनेही मान वर केली. इतका वेळ तो कुणाच्याच बाजूला नव्हता, आता निदान बापाच्या बाजूला नव्हता.

“झुंबरबाई कोन, तात्या?” आदिनाथने विचारलं.

ते नाव ऐकल्यावर तात्यांचा चेहरा उतरला. दुपारी होता तसा मिजाशीतला गप्पपणा आता नव्हता.

तेवढ्यात छबूबाई चहा घेऊन आल्या. रुपाली घाईने उठली. “आई, तुमी आत बसा. मी देते.”

“काठ हिरवा हुता नं?” छबूबाईंनी चहाचं ताट खाली ठेवलं. “कोयरीचा. लई चांगला काठ, टाकवंना. म्हनून शिवली.”

रुपाली तशीच उभी राहिली.

“गोधडी म्याच दिली. आन् फोन बी म्याच लावला.”

मग आदिनाथ आईजवळ गेला आणि समजुतीने, लहान पोराशी बोलावं तसं म्हणाला, “आई, त्यांना वाचवायला तू खोटं बोलू नको. जन्मभर तेच केलंस.”

“तुज्या आईचा आवाज हाय तो, आदिनाथ,” छबूबाई म्हणाल्या.

“मी ऐकलाय आवाज. चारदा ऐकलाय. तो तुजा न्हाई.”

छबूबाईंनी थोरल्याकडे पाहिलं, मग धाकट्याकडे. तो जमिनीकडे बघत होता. मग त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, नाव घेताना घेतात तसा, आणि तोंड उघडलं. वाढ्याची मोळी, पाचटाची शेज, सूर्यभानरावांच्या नावाचं तेज. तोच आवाज, खणखणीत, गोठ्यापर्यंत जाणारा. लग्न होऊन आल्यापासून धनश्रीने या बाईच्या तोंडून ‘जेवायचं का’ आणि ‘दिवा लावा’ याच्या पलीकडे सलग दोन वाक्यं ऐकली नव्हती. साऱ्या शिवाराला ‘हॅलो’वरून ओळखणारा तिचा कान, आणि जिच्या हातचा चहा ती दिवसातून दोनदा प्यायची तिलाच तिने “ताई, रेडिओ बारीक करा” म्हटलं होतं. तिला मनापासून लाज वाटली.

“शेज म्हनलं तर लोकांनी भलतंच धरलं,” छबूबाई म्हणाल्या. “आमच्याकडं पाचटावरच निजत्यात. मव्हा जनम पाचटावरचा. आई थळातून आली आन् कोपीत बाळंत झाली. नाव ठिवलं झुंबर.”

त्यांनी पुढचं सांगितलं ते अगदी साध्या सुरात. आईबाप गेल्यावर संगमनेरला हमाली करणाऱ्या मामाने लग्नापुरतं दोन दिवस आपल्याकडे नेलं, त्याच्या दारात लग्न लागलं. मांडवातच नाव बदलून छबू केलं. सासूने बजावलं, कोयता नि पाथर्डी या उंबऱ्याच्या आत आणायची नाही. विचारलं तर माहेर संगमनेर. गोजर ही थोरल्या बहिणीची मुलगी, खरीखुरी भाची. दर हंगामात ती टोळीबरोबर यायची आणि दर सोमवारी महादेवाच्या नावाने मावशी तिला भेटून यायची.

“मंग आत्ताच का, आई?” रुपालीने विचारलं. ती अजून उभीच होती.

“रविवारी पाव्हण्यांनी गल्ली इच्यारली. मला गल्ली म्हाईत न्हाई. नातीच्या लग्नात बी मी मानच हलवायची का? सोमवारी भाचीच्या दारात बसले हुते, रेडिओ लागला, ही इच्यारत हुती, माहेर कुठलं, माहेर कुठलं. वाटलं, येकदा तरी कुनाला खरं सांगावं.”

“मला पहिल्या शब्दालाच कळलं हुतं,” तात्या इतक्या हळू म्हणाले, की ज्ञानेश्वरला वाटलं ते खोकले.

छबूबाई नवऱ्याकडे वळल्या. “व्हय. दुपारी मागं लसूण निवडताना मला सगळं ऐकू येत हुतं. म्या वाट बघितली. पोरगं इच्यारत हुतं, ही कोन, ही कोन. आता म्हनतील, आता म्हनतील. तुमी टोपी घालून उठून गेला.”

“पोरीच्या लग्नाचं मनात आलं.”

“लग्न तर तुमच्या गप्प बसन्यानंच मोडत हुतं.” त्या भांडत नव्हत्या, नुसतं समोर ठेवत होत्या. “बाई ठिवली म्हनलेलं चाललं तुमाला. स्टँडवर हसला तुमी. बायको कोयत्यावाल्याची म्हनलेलं न्हाई चाललं.”

आदिनाथला बापाची कीव आली की राग, हे त्यालाच सांगता आलं नसतं. पण किल्लीवरचा त्याचा हात निघाला.

धनश्री सासूजवळ जाऊन खाली बसली. “आई, मला तरी सांगायचं होतं. मी बाजूच्याच खोलीत...”

“तू तुजं काम केलंस. रेडिओ बारीक करा म्हनलीस.” छबूबाई किंचित हसल्या. “मला वाटलं, वळखलं हिनं. घरात मी बारीकच असते की.”

नेमका तेव्हा बाजेवरचा मोबाईल वाजायला लागला. संगमनेर. सगळे त्याच्याकडे बघत राहिले.

“उचलू नका कुनी,” आदिनाथ म्हणाला. “आधी काय सांगायचं ते ठरवू. आजोबाचं सांगितलं तर बदनामी, आजीचं सांगितलं तर ते म्हनतील फसवलं. तात्या, काय सांगायचं?”

तात्यांनी टोपी काढून हातात घेतली. रुपालीने आत, दाराआड उभ्या असलेल्या रेश्माकडे पाहिलं. रेश्मा आजीकडे बघत होती.

छबूबाईंनी मोबाईल उचलला आणि उलटा सुलटा करून पाहिला. त्यांच्याकडे कधी मोबाईल नव्हता. “हे कुठं दाबायचं गं?” त्यांनी धनश्रीला विचारलं.

आदिनाथ “धनश्री” एवढंच म्हणाला. बजावल्यासारखा. किल्ली अजून बाजेवरच होती, आणि ती कुणाकडे जाईल हे अजून ठरलेलं नव्हतं. धनश्रीने हात पुढे केला आणि हिरव्या खुणेवर बोट ओढून फोन चालू करून दिला.

“बोला,” छबूबाई म्हणाल्या. “न्हाई, आदिनाथ नव्हं. मी रेश्माची आजी, झुंबर बोलतीया. तुमी गल्ली इच्यारली हुती नं रविवारी? तर मव्हं माहेर संगमनेर नव्हं. आता नीट ऐका.”

पाथर्डीपर्यंत ऐकू जावं म्हणून की काय, त्या मोठ्यानेच बोलत होत्या. आवाज पडवीतून अंगणात, अंगणातून रस्त्यापर्यंत जात होता. बारीक बोला, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.